'वारसा' शिकवायचा म्हणजे केंटकीचा इतिहास पाठ करून घ्यायचा?

रिकामा_फळा (धागाकर्ता): काल एकाने लिहिलं की पुनःस्थापना चळवळीच्या (पंथभेद सोडून नव्या करारातल्या मूळ चर्चकडे परतू म्हणणारी, अमेरिकेत सुरू झालेली ख्रिस्ती चळवळ) प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देश कुठलाही असो, तिचे संस्थापक बार्टन स्टोन आणि थॉमस व ॲलेक्झांडर कॅम्पबेल हे बापलेक सक्तीने शिकवावेत. डोकंच फिरलं. 'ख्रिस्ताशिवाय दुसरा मतांगीकार (पंथाने लिहून ठरवलेली श्रद्धेची कलमं) नको' म्हणत उभी राहिलेली ही चळवळ. तिच्या वर्गात आता 1801चा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या केन रिजचा धर्मजागृतीचा मेळावा आणि ख्रिस्ती ऐक्याची हाक देणारं 1809चं थॉमस कॅम्पबेलचं घोषणापत्र घोकायचं? मी परदेशी विद्यार्थ्यांना हे शिकवलंय. स्टोन आणि कॅम्पबेल प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाशी भांडून बाहेर पडले, हे ऐकून एका मुलीने सरळ विचारलं, "प्रेस्बिटेरियनांचं भांडण आमच्याकडे झालंच नाही, मग त्यावरचं औषध आम्ही का घ्यायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुमच्याकडे आहे का? तत्त्वं शिकवा, बास.

जुना_खडू: आहे. तत्त्व कुठून आलं हे लपवलंत की विद्यार्थी त्यालाच वचन समजतात. 'शास्त्र बोलतं तिथे आम्ही बोलतो, शास्त्र गप्प तिथे आम्ही गप्प' हे प्रेषित पौलाचं, म्हणजे बायबलमधलंच आहे असं छातीठोक सांगणारे पाळक मी पाहिलेत. वाक्य थॉमस कॅम्पबेलचं! इतिहास शिकवायचा तो यासाठी.

बिनपेटी: गप्प राहण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. नव्या करारातल्या उपासनेत वाद्य नाही. विषय संपला.

चौथा_बाक: संपला म्हणे! माइक आहे का नव्या करारात? बाक?

बिनपेटी: माइक ही सोय, पेटी ही उपासनेत घातलेली भर. एवढा फरक कळत नसेल तर वर्गात बसा आधी.

चौथा_बाक: बसलोय. तिथेच पाहुण्या शिक्षकाने आमचे ढोल बंद करवले. माझी आजी ढोलावर गाणी उभी करायची. त्यानंतर रविवारी ती ओठ मिटून बसायची, मांडीवर बोटांनी ताल धरून. तो वारसा कोणाचा होता?

रिकामा_फळा: अहो, धागा वाद्यांचा नाही!

जुना_खडू: आता आहे, आणि बरंच झालं. 1860च्या सुमारास केंटकीतल्या मिडवेच्या मंडळीत पेटी आली, आणि ती रात्री खिडकीतून पळवली गेली असं सांगतात. 1906च्या अमेरिकन जनगणना अहवालात 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट', म्हणजे वाद्याविना गाणाऱ्या मंडळ्या, वेगळ्या मोजल्या गेल्या, पण त्या फुटीमागे नुसती पेटी नव्हती. मिशनरी संस्था हव्यात की नकोत, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरची उत्तर-दक्षिण कटुता, गरीब-श्रीमंत, सगळं होतं. त्या पाहुण्याला हे ठाऊक असतं तर आपण शास्त्र नेतोय की घरचं भांडण, असा प्रश्न तरी पडला असता.

रिकामा_फळा: बरं, हे एक मान्य. मग शिकवायचंच तर पूर्ण शिकवा. केंटकीच्या मंडळ्यांनी ॲलेक्झांडर क्रॉस या गुलामाला विकत घेऊन मुक्त केलं आणि मिशनरी म्हणून लायबेरियाला धाडलं. तो तिथे पोचून थोड्याच दिवसांत वारला. गुलामगिरीच शास्त्रविरुद्ध, असं मात्र ॲलेक्झांडर कॅम्पबेल म्हणायला तयार नव्हता. स्वतःचे गुलाम मुक्त करूनही. हा धडा कुठल्या 'वारसा वर्गात' असतो? मी तरी पाहिलेला नाही.

जुना_खडू: माझ्या वर्गात असतो. पण तुम्ही तर इतिहासच नको म्हणत होतात ना?

रिकामा_फळा: सक्ती नको म्हणत होतो. अजूनही म्हणतो.

बिनपेटी: ते सगळं ठीक. माइक ही सोय आणि पेटी ही भर, हे मान्य आहे की नाही तेवढं सांगा.