काजूचा होलसेल धंदा: नव्या पार्टीशी विश्वासाचं नातं कसं जोडायचं? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

कुडाळला आमचा काजूचा होलसेल धंदा आहे. गावागावांतून बी घ्यायची, थोडी आमच्याच युनिटमध्ये फोडायची, बाकीचे गर आजूबाजूच्या छोट्या कारखानदारांकडून उचलायचे आणि कोल्हापूर, पुणे, वाशीला पाठवायचे. बाबांनी हे २७ वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मी बघते. हिशेब मला येतो, मालही ओळखता येतो. अडतंय ते विश्वासापाशी, आणि दोन्ही बाजूंनी.

आधी शेतकऱ्यांचं सांगते. माणगाव खोऱ्यातले एक काका वर्षानुवर्षं आमच्याकडेच बी घालतात. मागच्या एप्रिलमध्ये त्यांचं पोतं काट्यावर ठेवलं, तर ते वाकून लाल आकडे बघत उभे. मी म्हटलं, काका, बघा नीट. तर म्हणाले, "बाय, तुझ्या बापाशीन आमका कधी काटो बघूक लावल्यान नाय." बोलले सहज, पण मला रात्रभर लागून राहिलं. काटा तोच आहे. दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळून घेतो, शिक्का आहे. फक्त काट्यामागे आता बाबा नाहीत.

आता गिऱ्हाइकाचं. जुन्या पार्ट्या बाबांच्या नावावर अजून माल घेतात. मागच्या जूनमध्ये एका नव्या पार्टीला ३२० नंबरचे (नंबर म्हणजे गराच्या आकाराची प्रत) २० डबे पाठवले, १० किलोचा एक. ई-वे बिल, पक्कं बिल, सगळं रीतसर. माल पोचल्यावर आठव्या दिवशी फोन आला: पाकळी (उभे दुभंगलेले गर) जास्त आहे, गर दमट लागतोय. १८ हजार कापून पैसे आले, तेही अडीच महिन्यांनी. आमच्या शेडमधून निघताना माल चोख होता, याबद्दल मला शंका नाही. पण पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर गर तासाभरात हवा धरतो. तो त्यांच्याकडे उघडा राहिला की वाटेत सील सुटलं, हे मी कशावरून सांगणार? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

मधल्या मधे मी अडकते ती अशी: बी घालणाऱ्याला त्याच दिवशी रोख हवी, मिरगाच्या आधी घर शाकारायचं असतं, मुलांच्या फिया असतात. आणि पुढची पार्टी ४५ ते ६० दिवस उधारी मागते.

माझे प्रश्न दोन. नव्या पार्टीला माझ्यावर विश्वास बसावा म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांत नेमकं काय करावं? आणि सह्या, नमुने, लेखी अटी मागितल्या तर जुनी माणसं दुखावतील का? बाबा म्हणतात, कागद मागितलास की माणूस मनातून लांब जातो. त्यांचं खोटं म्हणवत नाही, पण त्यांच्या पद्धतीने मला चालवता येत नाहीये. कुठल्याही धंद्यातला अनुभव चालेल, काजूचाच हवा असं नाही.

प्रतिसाद: सुकामेवावाला, कोल्हापूर

ताई, मी तुमच्या पलीकडच्या बाजूचा, म्हणजे घेणारा. नव्या माणसाकडून मी पहिल्यांदा दोनच डबे घेतो. तुम्हीही पहिल्या फेरीला २० डबे द्यायला नको होते, स्पष्ट सांगतो, राग मानू नका.

३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर. ४५४ ग्रॅम तोलायचे आणि मोजायचे, दहा मिनिटांचं काम. हे तुम्ही डबा भरताना करा, आकडा आणि ओलाव्याचं माप डब्याच्या चिठ्ठीवर लिहा. गरात ओलावा ५ टक्क्यांच्या आत हवा. त्याच लॉटचा पाव किलो दोन पाकिटांत सील करा, एक तुमच्याकडे, एक मालाबरोबर. आणि बिलावर छापा: तक्रार ४८ तासांत, डबा उघडतानाच्या व्हिडिओसकट. यात कोणी दुखावत नाही. ज्याला कापायचेच असतात तोच कुरकुरतो.

पण माझा विश्वास बसतो तो वेगळ्याच गोष्टीवर. वेंगुर्ल्याच्या एका पुरवठादाराने पहिल्याच वर्षी गाडी फोंडा घाटात असताना फोन केला होता. म्हणाला, भरताना दोन डब्यांचं सील दुखावलंय असं पोऱ्याने आता सांगितलं, ते दोन बाजूला ठेवा, बिलातून वजा करतो. मला कळलंही नसतं. आज ११ वर्षं झाली, त्याचा माल मी उघडून बघत नाही. तुमच्या मालात खोट निघाली तर माझ्या आधी तुम्ही सांगा.

आणखी एक. आफ्रिकेच्या बीचा गर असेल तर तसं सांगून विका, त्यालाही गिऱ्हाईक आहे. वेंगुर्ल्याचा म्हणून तो एकदा जरी दिलात आणि कळलं, तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. आंब्यात हेच झालंय. कर्नाटकचा माल देवगडच्या नावाने इतका खपला की तिथल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामात फळावर कोडचा स्टिकर आणावा लागला.

प्रतिसाद: मासळीवाला, मालवण

आमच्याकडे व्यापारी होडीवाल्याला डिझेल-बर्फाला आगाऊ पैसे देतो आणि मासळी त्याच्याकडेच येते. कागद नाही. पण १ जून ते ३१ जुलै बंदीत होडी वर ओढलेली असते, कमाई शून्य, तेव्हा कोण फिरकला हे सगळे लक्षात ठेवतात. उलटंही बघितलंय. आगाऊ दिलेत म्हणून भाव पाडणारे आहेत, आणि संधी मिळताच ती होडी दुसऱ्या तराजूकडे जाते. तुम्ही बीवाल्यांकडे पावसात एक फेरी मारा, काही घ्यायचं नसताना. बाबांना बरोबर घेऊन जा, गाडीतूनच बोलले तरी चालेल.

प्रतिसाद: करसल्लागार, रत्नागिरी

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवली तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. पण २०२१ मध्ये घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मिळाली ती फक्त बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती. म्हणजे नुसत्या खरेदी-विक्रीला हे संरक्षण नाही. तुम्ही स्वतः बी फोडता, तर उत्पादक म्हणून नोंदणी आहे का तपासा आणि स्वतः फोडलेल्या मालाचं बिल वेगळं ठेवा.

नव्या पार्टीचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकलात तर रिटर्न वेळेवर भरतात का ते दिसतं. चार-चार महिने थकलेली दिसली तर उधारी देऊ नका. पुढच्या तारखेचा चेक घेतलात आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. लोक मुरवतीत हीच मुदत घालवतात.

मूळ प्रश्नकर्ती (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणी काढून बघितली, त्यात फक्त 'व्यापार' लिहिलं होतं. दुरुस्ती केली. सीलबंद नमुने सुरू केलेत. वाशीच्या जुन्या शेठना बिलावरची ४८ तासांची ओळ दाखवताना माझे हात गार पडले होते. त्यांनी वाचली, म्हणाले, "बरं केलंस पोरी, तुझ्या वडलांना मीच सांगत होतो," आणि पुढची ऑर्डर लिहून दिली. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

काट्याचा डिस्प्ले फिरवून देणाऱ्याच्या तोंडासमोर केलाय, शेजारी २० किलोचं शिक्क्याचं वजन ठेवलंय, ज्याला हवं त्याने आधी ते चढवून बघावं. माणगावचे काका परवा आले. त्यांनी वजन चढवून बघितलं, आकडा बघितला, मग पोतं ठेवलं. पावती मात्र सुनेच्या नावाने करायला सांगितली, पुढच्या वर्षीपासून तीच बी घेऊन येणार म्हणे.

आता एकच अडलंय. ज्या पार्टीने १८ हजार कापले तिचा पुन्हा फोन आलाय, ३० डबे हवेत, निम्मे पैसे आगाऊ द्यायला तयार आहेत. जुन्या कपातीचा विषय आधी काढावा, की नव्या अटींवर पाच डबे पाठवून बघावं? कोल्हापूरचे दादा, तुम्ही काय केलं असतं?