मदत हवी आहे : आईला डिमेन्शिया आहे, पण प्रश्न तिला सांभाळणाऱ्या वहिनीचा आहे

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. आईची ट्रीटमेंट न्यूरॉलॉजिस्टकडे चालू आहे, तिच्या गोळ्यांबद्दल विचारायचं नाहीये. माझी वहिनी पार थकलीय आणि तिच्यासाठी काय करता येईल ते अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

आई ७६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान झालं. सांगलीला दादा-वहिनीकडे असते, मी ठाण्याला, नोकरी करते. आई सकाळी तशी शांत असते, पेपर हातात धरून बसते, पण दिवस कलला की "मला घरी जायचंय" सुरू होतं, घर म्हणजे तासगावचं माहेर, ते विकून कितीतरी वर्षं झाली. पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि वहिनीने कडी लावली की तिच्या अंगावर धावून जाते. पाटल्या स्वतःच कुठेतरी ठेवते आणि सुनेने चोरल्या म्हणून शेजारी सांगते. रात्री उठून दिवे लावत फिरते, म्हणजे वहिनीचीही झोप गेली.

वहिनी ५२ ची आहे. ब्लाऊज शिवायची, हातात चार पैसे असायचे, ते बंद झालं. भजनी मंडळ सुटलं, भिशीला जाणं सुटलं. बीपीची गोळी सुरू झालीय. येणारा जाणारा म्हणतो सून असावी तर अशी, काय सहनशक्ती आहे, आणि मला आता ते ऐकवत नाही, कारण असं म्हणून चहा पिऊन सगळे निघून जातात आणि तिने आणखी सहन करायचं एवढंच उरतं. दादाचा आईवर खूप जीव आहे पण आंघोळ, कपडे बदलणं त्याला संकोचाचं वाटतं, त्यामुळे ते सगळं तिच्याचकडे. ब्युरोकडून बाई ठेवून बघितली, आईने टिकू दिलं नाही. महिनाभर ठाण्याला आणू म्हटलं तर डॉक्टर म्हणाले जागा बदलली की गोंधळ वाढू शकतो.

मला विचारायचंय की ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय आणि तब्येत, मन शाबूत ठेवलंय, त्यांनी नेमकं काय केलं? घरातल्या बाकीच्यांनी काय केलेलं उपयोगी पडलं? लांब राहून पैसे पाठवण्यापलीकडे मी काय करू? आणि वहिनी स्वतः काहीच मागत नाही, विचारलं की "चाललंय की" म्हणते, तिला बोलतं कसं करायचं?

पारिजातक :
ताई, मी सासऱ्यांचं केलं, सात वर्षं. "काही लागलं तर सांग" असं वहिनीला विचारू नका, आपण सांगत नाही, काय सांगायचं तेच सुचत नाही हो. ठरवून टाका की दर महिन्याला अमुक शनिवार-रविवार मी येणार आणि त्या दोन दिवसांत वहिनीने माहेरी जायचं नाहीतर नुसतं झोपायचं. माझ्या नणंदेने हेच केलं. आजार तोच होता पण तारीख माहीत असली की मधले दिवस निघतात. आणि भजनी मंडळ आधी सुरू करा, ती काही चैन नाहीये. त्या दोन तासांत दादांनी आईजवळ बसायचं, आंघोळ नाही जमत तर संध्याकाळची ती वेळ त्यांची.

बाईचं म्हणाल तर आमच्याकडे पहिले काही आठवडे ती फक्त भाजी निवडायला आली. सासऱ्यांशी गप्पा मारल्या, हात लावला नाही. ओळख झाल्यावर हळूहळू बाकीचं करू दिलं त्यांनी.

मडगावकर :
गोव्यात यावर काम झालंय ते सांगतो. २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ८१ कुटुंबं होती. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक लोकांना ट्रेनिंग देऊन सहा महिने पंधरवड्यातून निदान एकदा घरी पाठवलं, आजार समजावून सांगायचा, रागावर काय करायचं ते दाखवायचं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, गरज पडली तर डॉक्टरची गाठ घालून द्यायची. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, पेशंटच्या वागण्यात मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. मला यातून एवढं कळलं की आई जशी आहे तशीच राहिली तरी वहिनींचा त्रास कमी होऊ शकतो, त्यासाठी आई सुधारायची वाट बघायला नको.

चोरीच्या आरोपावर वाद घालू नये. "चला, दोघी मिळून शोधू" म्हणायचं, सापडलं की विषय संपतो. घरी जायचंय म्हणाल्या तर "हेच घर" असं पटवत बसू नका, तासगावबद्दल विचारा, अंगणात काय होतं, कोण कोण होतं. संध्याकाळ व्हायच्या आधी दिवे लावा, दुपारची झोप लांबू देऊ नका, शक्य असेल तर चारला फिरवून आणा.

रेवाळ :
एक काळजीचा मुद्दा. रात्रीचं फिरणं, चिडणं हे गेल्या काही दिवसांत अचानक वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी करा, इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठे दुखणं असं काहीही कारण निघू शकतं आणि त्यांना ते सांगता येत नाही. झोपेची किंवा शांत करायची गोळी कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. अशा काही औषधांनी डिमेन्शियाच्या पेशंटला पडण्याचा, पॅरालिसिसचा धोका वाढतो, न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच.

वहिनींसाठी टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. ज्येष्ठांसंबंधी मदतीला १४५६७. आणि दादा जुन्या करपद्धतीत असतील तर त्यांच्या सीएला ८०डीडीबी, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावरच्या करसवलतीबद्दल विचारा, डिमेन्शिया त्या यादीत आहे, स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित असावं लागतं. वाचलेले पैसे बाईच्या पगाराला.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. दादाशी आत्ताच बोलले, लघवीची तपासणी उद्या सकाळी करतोय. वहिनीला तारखेचं सांगितलं तर आधी "तुला कशाला त्रास" म्हणाली, मग थोड्या वेळाने तिनेच फोन करून विचारलं की दुसरा शनिवार चालेल का, तिच्या बहिणीकडे कार्य आहे. तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

पारिजातकताई, अजून एक विचारते. आंघोळीला आई फार विरोध करते, मी त्या दोन दिवसांत एकटी असेन, तुमच्याकडे काय केलं?

पारिजातक :
दोन दिवस नाही झाली आंघोळ तरी चालतं, कोमट पाण्याने अंग पुसून घ्या. आणि "आंघोळ" हा शब्दच नको, आमच्याकडे "पाय धुऊ या" म्हणून सुरुवात करायचो, मग पाण्यात हात खेळायला लागले की पुढचं. बाथरूम आधीच गरम करून ठेवा, डोक्यावरून एकदम पाणी ओतू नका, त्याने घाबरतात. स्टूल न घसरणारं घ्या आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका.