मदत हवी आहे: व्यायाम नक्की करता कधी तुम्ही?

ताईंनो, जरा सुचवा ना. मी डोंबिवलीची, ऑफिस सीएसएमटीला, म्हणजे लोकलमध्येच जाऊन-येऊन अडीच तास गेले, त्यात पहाटे ५ ला उठून तीन डबे, लेकीची शाळेची तयारी, आणि माझा नाश्ता म्हणजे तिने टाकलेली अर्धी पोळी नि चहा-बिस्कीट (हो, माहितीये, मैदा आणि साखर!). १२ सूर्यनमस्कारांना १० मिनिटंच लागतात पण कुकरची शिट्टी नाहीतर "आई, माझा मोजा कुठंय", चारच्या पुढे गाडी जातच नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव. पर्समध्ये चणे-शेंगदाणे ठेवले तर लेडीज डब्यातल्या मैत्रिणीच संपवतात! रविवारी मटकीला मोड आणून फ्रीजमध्ये ठेवली तर किती दिवस टिकते? आणि रात्री जेवणानंतर सूर्यनमस्कार चालत नाहीत ना, मग करायचं काय?