आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर मासिक पास ठेवावा की कार्डात पैसे भरून जावं?

बसची खिडकी:
नमस्कार. घरापासून स्टेशनपर्यंत बस आणि पुढे ट्रेन असा माझा प्रवास. गेली चार वर्षं मासिक पासवर जाते. आधी सहाही दिवस जावं लागायचं, तेव्हा पासाचे पैसे महिना संपायच्या कितीतरी आधी वसूल व्हायचे. आता तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. परवा वहीत मांडून बघितलं. पासाच्या किमतीला एका बाजूच्या बस-ट्रेनच्या भाड्याने भागलं तर ३४ आले. माझ्या फेऱ्या होतात जेमतेम २६.

हिशेब सरळ आहे, तरी पास सोडायचा धीर होत नाही. मागच्या महिन्यात आठवडाभर स्मार्टकार्डात पैसे भरून जाऊन बघितलं. एका संध्याकाळी उतरले तर गर्दीमुळे बाजूचं गेट उघडंच ठेवलं होतं. लोक भराभर बाहेर पडत होते, त्यांच्याबरोबर मीही पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड टेकवलं आणि शिल्लक पाहून मागे वळून परत वाचली. त्या मार्गावरचं सर्वांत लांबच्या टप्प्याचं भाडं कापलं गेलं होतं. मी चार स्टेशनं गेले होते! पासवर ही धास्ती कधी नव्हती.

आणखी एक. आई महिन्यातून चार-पाच वेळा माझ्याबरोबर दवाखान्यात येते. माझंच कार्ड दोघींसाठी दोनदा टेकवलं तर चालतं का?

यंत्रदुरुस्ती:
ताई, गेटवरच्या यंत्रांची देखभाल करण्यात माझी नऊ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्डात बॅटरी नसते. आत तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतून त्या तारेत वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते. तुम्ही आत शिरता तेव्हा कार्डावर नोंद पडते की अमुक स्टेशन, अमुक वेळ, प्रवास सुरू. बाहेरच्या गेटवर ती नोंद वाचून भाडं ठरतं आणि नोंद मिटते. तुम्ही बाहेर टेकवलंच नाही, म्हणून ती उघडी राहिली. यंत्राला तुम्ही कुठे उतरलात हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे ते सर्वांत जास्त भाडं धरतं. यात तुमची लबाडी नाही आणि यंत्राचा बिघाडही नाही. चूक गेट उघडं ठेवून शेजारी कार्ड टेकवायला माणूस किंवा रीडर न ठेवणाऱ्यांची आहे, असं मला मनापासून वाटतं. गर्दीत सुरक्षेसाठी गेट उघडावंच लागतं, पण प्रवाशाला तसं ओरडून सांगायला काय जातं?

तक्रार जरूर करा. तारीख, वेळ, चढल्याचं आणि उतरल्याचं स्टेशन लिहून द्या. शेवटचे काही व्यवहार बहुतेक कार्डांवरच साठवलेले असतात, खिडकीवर ते वाचता येतात. रोजचा तोच प्रवास दिसला की तुमचं म्हणणं पटायला सोपं जातं.

आईंसाठी तेच कार्ड वापरू नका. उघड्या प्रवासाची नोंद ठेवायला कार्डावर जागा एकच. आत जाताना लगेच दुसऱ्यांदा टेकवलंत तर गेट उघडणार नाही, किंवा तुमचाच प्रवास संपला असं धरलं जाईल. चढतानाच एकरकमी भाडं घेणाऱ्या बसमध्ये काही ठिकाणी दोघांचं चालतं, ते वाहकाला विचारा.

परतीची गाडी:
पास की फुटकळ भाडं, एवढ्या दोनच वाटा नाहीत. तुमच्या कार्डाला भाड्याची कमाल मर्यादा आहे का ते आधी बघा. मी तीन वर्षं लंडनमध्ये होतो. तिथलं ऑयस्टर कार्ड २००३ साली आलं आणि २००५ पासून त्यावर दिवसाची मर्यादा लागली. त्या रकमेपर्यंत पैसे कापले जातात, मग दिवसभर कितीही फिरा. बँकेचं टॅप करायचं कार्ड २०१२ अखेर बसमध्ये आणि २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत चालू झालं. त्याला सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा असते.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की महिन्याचे पैसे एकदम काढून ठेवावे लागत नाहीत. ज्याच्या हातात पगार आठवड्याने येतो त्याला पास परवडतच नाही, आणि तोच माणूस रोज सुटं तिकीट काढून जास्त पैसे भरतो. मर्यादेमुळे ती रक्कम त्यालाही वाचते.

गर्दीच्या वेळेचं भाडं वेगळं असेल तर कुठली वेळ धरतात ते विचारा. लंडनच्या रेल्वेत आत शिरतानाची धरतात. सकाळी साडेनऊनंतर टेकवलं की भाडं उतरायचं, त्यामुळे मी पाच मिनिटं गेटाबाहेर थांबायचो.

सुटे पैसे:
दोन गोष्टी अनुभवाच्या. मोबाइलमध्ये भरलेलं बँकेचं कार्ड आणि तेच हातातलं कार्ड यंत्राला दोन वेगळी कार्डं दिसतात. सकाळी फोन टेकवून संध्याकाळी कार्ड टेकवलंत तर दोन अर्धवट प्रवास होतात, म्हणजे तुमच्यासारखंच जास्तीचं भाडं, तेही दोनदा. पाकिटात दोन कार्डं एकावर एक असतील तरी हाच घोळ. टेकवायचं कार्ड बाहेर काढा.

दुसरं, शिल्लक कार्डावरच ठेवणाऱ्या पद्धतीत ऑनलाइन रिचार्ज लगेच कार्डात उतरत नाही, रीडरला टेकवल्यावर उतरतं, आणि काही ठिकाणी त्याआधी बराच वेळ जावा लागतो. आदल्या रात्रीच भरत जा.

बसची खिडकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता पाकीट उघडून बघितलं, तर स्मार्टकार्डाच्या मागच्याच कप्प्यात बँकेचं टॅपचं कार्ड आहे. ते आजच वेगळं ठेवलं.

दादा, उद्या सकाळी खिडकीवर तारीख-वेळ लिहून देते. आमच्या कार्डाला दिवसाची मर्यादा आहे का तेही तिथेच विचारीन. नसली तरी पुढचा महिना पासाशिवाय काढायचा ठरवलंय, ३४ आणि २६ मधला फरक थोडाथोडका नाही. आईसाठी तिच्या नावावर नोंदवलेलं कार्ड घेते, म्हणजे हरवलं तर बंद करून शिल्लक परत मागता येईल. ज्येष्ठांची सवलतही त्याच कार्डावर मिळते का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.