अर्धवट राहिलेली ऑर्क सेना पूर्ण करायची आहे : जुने रंग कसे जुळवावेत?

तापीतीर (जळगाव)

नमस्कार. महाविद्यालयात असताना, २०१० च्या सुमारास, मी वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळातील ऑर्कांची, म्हणजे हिरव्या कातडीच्या राक्षसी योद्ध्यांच्या छोट्या मूर्तींची, सेना रंगवायला घेतली होती. सुमारे साठ सैनिकांपैकी वीस पूर्ण झाले, उरलेल्यांवर केवळ काळा प्राइमर (रंगाआधी द्यायचा पहिला थर) बसला, आणि पुढे नोकरीच्या धावपळीत पेटी माळ्यावर गेली. यंदा आखाजीच्या साफसफाईत ती खाली आली आहे आणि या वेळी ती पूर्ण केल्याशिवाय परत वर ठेवायची नाही, असे ठरवले आहे.

अडचण अशी की, त्या वेळचे सिटाडेल या कंपनीचे, अशा मूर्तींसाठीचे रंग डबीतच दगड झाले आहेत आणि गॉब्लिन ग्रीन, ब्लीच्ड बोन, डेव्हलन मड ही नावे आता दुकानांच्या यादीत सापडत नाहीत. शिवाय जुने वीस सैनिक आज पाहिले तर ते जाड थरांत रंगवलेले दिसतात. नवे चाळीस आज जमेल तसे चांगले रंगवले, तर एकाच सेनेत दोन सेना दिसतील. म्हणून जुन्यांचा रंग उतरवून सगळे नव्याने करावेत का? पेटीतील काही भालेही वाकले आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कोरडा ब्रश (धुळे)

रंग उतरवण्याच्या फंदात पडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धवट सेना पुन्हा माळ्यावर जाण्याचे सर्वांत खात्रीचे कारण म्हणजे पूर्ण झालेले काम पुन्हा अपूर्ण करून ठेवणे.

रंगांच्या नावांचे म्हणाल, तर सिटाडेलने २०१२ मध्ये आपली संपूर्ण श्रेणी बदलली, तेव्हा जुन्या रंगांना जवळचे पर्याय आले. गॉब्लिन ग्रीनच्या जागी वॉरबॉस ग्रीन, ब्लीच्ड बोनच्या जागी उशाब्ती बोन, बोल्टगन मेटलच्या जागी लेडबेल्चर आणि डेव्हलन मडच्या जागी ॲग्रॅक्स अर्थशेड घ्यावा. मात्र हे पर्याय तंतोतंत नाहीत, आणि वॉशच्या, म्हणजे खोबणीत उतरून सावली देणाऱ्या पातळ रंगाच्या बाबतीत फरक चटकन नजरेत भरतो. त्यामुळे उरलेल्या चाळीसांतील एकच सैनिक आधी पूर्ण रंगवावा, तो जुन्या सैनिकाशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवावा आणि वॉश गडद वाटला तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियमने (बिनरंगी द्रवाने) पातळ करावा. नुसते पाणी वाढवले की वॉश खोबणीत न उतरता सपाट भागावर डाग धरतो.

आता दोन सेना दिसण्याचा प्रश्न. खेळताना सैनिक हातभर अंतरावरून पाहिले जातात आणि त्या अंतरावरून नजरेला त्वचेचा हिरवा, बेसची (पायाखालच्या चकतीची) कड आणि वॉर्निशची चमक एवढेच जाणवते. या तीन गोष्टी साठही सैनिकांवर शेवटी एकत्र, एकाच रंगाने आणि एकाच बैठकीत करा. म्हणजे जुन्या वीसांच्या कपाळावर, गालावर आणि हाताच्या पेरांवर नव्या हिरव्याची एक उजळ रेघ द्या आणि नव्या चाळीसांवरही तीच द्या. जुने थोडे वर येतील, नवे थोडे खाली ठेवा. आज हात बसला आहे म्हणून प्रत्येक सैनिकाच्या पट्ट्यावर छटा चढवण्याची हौस सेनापतीपुरती राखून ठेवावी.

खाकी पिशवी (नंदुरबार)

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. ज्यांच्या चेहऱ्याचे दातही रंगाच्या थराखाली बुजले आहेत, असे चार-पाच तरी उतरवावेतच, कारण त्यांच्यावर उजळ रेघ दिली तर ती बुजलेल्या थराचीच शोभा वाढवेल. प्लास्टिकच्या सैनिकांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. ॲसिटोन किंवा थिनर मुळीच वापरू नये, त्याने पॉलिस्टायरिन, म्हणजे सैनिकांचे प्लास्टिकच, विरघळते. पुष्कळ जण डेटॉलमध्ये बुडवून ठेवतात, पण त्यातून काढलेल्या सैनिकावर थेट पाणी ओतले तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो निघता निघत नाही. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासावे, पुसावे आणि मग भांड्यांच्या साबणाने धुवावे.

वाकलेले भाले रेझिनचे असतील, तर पत्र्याखालच्या माळ्यावरील उन्हाळ्यांनी ते वाकले असावेत. गरम पाण्यात काही क्षण धरून सरळ करावेत आणि लगेच थंड पाण्यात बुडवावेत.

जंक्शन (भुसावळ)

दोन्ही बाजू वाचल्या, पण आपल्याकडच्या हवेविषयी कोणी लिहिले नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि अशा कोरड्या उष्णतेत स्प्रेचे थेंब सैनिकापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत अर्धे सुकतात. मग पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तो दोष वरच्या कोणत्याही रंगाने झाकत नाही. सुदैवाने तुमचा प्राइमर आधीच झालेला आहे. सैनिक कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन धूळ काढा, पूर्ण वाळू द्या आणि काळ्यावर फिकट करड्या रंगाचा ड्रायब्रश (रंग जवळजवळ पुसून घेतलेला कोरडा ब्रश) फिरवा, म्हणजे बारकावे उठून दिसतील. जेथे प्लास्टिक उघडे पडले असेल तेथे ब्रशने लावायचा प्राइमर पुरतो.

रंगवताना पंख्याखाली बसू नये. ब्रशच्या टोकावरचा रंग डोळ्याच्या बाहुलीपर्यंत नेईतो सुकतो आणि टोकावर गाठ धरतो. झाकणाचा डबा, त्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद, एवढ्यावर रंग बराच वेळ ओला राहतो. कूलरची दमट हवा ब्रशच्या कामाला उलट सोयीची आहे. मॅट वॉर्निशच्या स्प्रेला मात्र ती आणि पावसाळा दोन्ही वर्ज्य समजावेत, कारण ओलाव्याने त्यावर पांढुरकी साय येते. वॉर्निश ब्रशनेच लावणार असाल, तर बाटली भरपूर हलवा. मॅट करणारा घटक तळाशी बसलेला असतो.

कामाच्या पद्धतीबाबत गणपतीच्या कारखान्याचा कित्ता गिरवावा. तेथे एक मूर्ती पूर्ण करून दुसरी घेत नाहीत, एकच रंग ओळीने सगळ्या मूर्तींना लावतात आणि डोळ्यांची आखणी शेवटी, ताज्या हाताने करतात. चाळीस एकदम घेतल्यास कंटाळा येतो, म्हणून दहा-दहाच्या तुकड्या कराव्यात.

तापीतीर (जळगाव)

सर्वांचे आभार. पाच उतरवतो, पंधरा ठेवतो. जुने बेस २५ मिलिमीटरचे आहेत आणि आता ऑर्कांना ३२ चे मिळतात, तेव्हा बदलायचेच आहेत. त्यांवर शेतातील काळी माती फेविकॉलने लावली तर चालेल का? रंगवण्याचीही गरज पडणार नाही, असे वाटते.

कोरडा ब्रश (धुळे)

काळी माती नको. ती ओलाव्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, शिवाय वरून वॉश दिला की तिचा चिखल होऊन तो सैनिकाच्या बुटांवर चढतो. नदीची वाळू चाळून, धुऊन आणि तव्यावर कोरडी करून घ्या. फेविकॉलमध्ये बसवून ती वाळल्यावर पातळ फेविकॉलचा आणखी एक हात द्या, म्हणजे ड्रायब्रश करताना दाणे सुटणार नाहीत. काळ्या मातीचा रंग हवाच असेल, तर काळ्यात थोडा तपकिरी मिसळा. बेससाठी स्टेशनरीच्या दुकानातील साधे ॲक्रिलिकही पुरे.