मदत हवी आहे : वाडीवरच्या शाळेतून पाचवीत आलेली मुलं रुळावीत म्हणून पहिल्या महिन्यात काय करावं?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये पाचवीची वर्गशिक्षिका आहे. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. एका मुलाची फार काळजी वाटते आहे.

आमच्याकडे पाचवीत येणारी निम्म्याहून जास्त मुलं आसपासच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांतली. पट सहा, आठ, फार तर बारा. गुरुजी एक किंवा दोन, तेच सगळे विषय शिकवणार आणि गुडघा फुटला तर तेच हळद लावणार. हा मुलगा चौथीत एकटाच होता, त्याच्या इयत्तेत दुसरं कोणी नव्हतंच. आता वर्गात ५१ मुलं, दर ३५ मिनिटांनी घंटा, प्रत्येक तासाला वेगळे सर नाहीतर मॅडम. त्याआधी पावसात अर्धा तास चालून एसटी पकडायची.

तो दप्तर बाकाखाली ठेवत नाही. मांडीवर घेऊन, पट्टे मुठीत धरून बसतो. दप्तर भिजून पाणी गळत असलं तरी. तिसऱ्या तासाला पोट दुखतं म्हणतो, जवळजवळ रोज. परवा शाळा सुटताना सहज त्याची पाण्याची बाटली उचलली तर काठोकाठ भरलेली. सकाळी घरून आणली तशीच. खूप वेळाने बोलला : मुतारीत मोठी मुलं असतात, म्हणून पाणीच पीत नाही. मग मी बाकीच्यांना एकेकटं गाठून विचारलं, तर असं करणारी आणखी सात मुलं निघाली, त्यांत चार मुली.

वडील मुंबईला, घरी आई आणि आजी. आजी म्हणाली, "घरात तर याचं तोंड मिटत नाय, बाई."

त्यात २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षेत नापास होण्याची तरतूद आली. पहिल्याच दिवशी तीन-तीन तासांना तीच धमकी ऐकली असेल तर नऊ-दहा वर्षांच्या मुलाने काय करावं? पुनर्परीक्षेची संधी असते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

आमच्याकडे समुपदेशक नाहीत. तास सांभाळून माझ्या पातळीवर काय करता येईल? आणि हे सवयीने जाईल, की डॉक्टरांना दाखवायला हवं, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
मॅडम, मी ३१ वर्षं पाचवी-सहावीला शिकवलं, आता निवृत्त आहे. सगळ्यात आधी मुतारीचं बघा, बाकी नंतर. मुख्याध्यापकांना सांगून पाचवीची लहान सुट्टी पाच मिनिटं आधी सोडा आणि तेवढा वेळ एका शिक्षकाला तिथे उभं करा. मुलींकडे मॅडम हव्यात. कडीसुद्धा तपासा. कडी लागत नसेल तर मुली दिवसभर जात नाहीत.
दुसरं, त्याच एसटीने येणारा आठवी-नववीतला एखादा समंजस मुलगा शोधा आणि त्याच्यावर याची जबाबदारी सोपवा. तुम्ही दहा वेळा समजावून होत नाही ते त्या दादाबरोबर गाडीतून उतरल्यावर होतं.
दप्तर मांडीवर राहू दे. आजवर ओळखीचं असं तेवढंच त्याच्याजवळ आहे.

प्रतिसाद २
मी पुण्यात शालेय समुपदेशक आहे. पोटदुखीला मनाचं दुखणं ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. दिवसभर पाणी न पिणं आणि लघवी रोखून धरणं यातून संसर्ग होतो, मलावरोधही होतो. जळजळ होते का, ताप येतो का, हे आईला विचारायला सांगा.
"मोठी मुलं असतात" एवढ्यावर थांबू नका. ती काय करतात? नुसती उभी असतात, चिडवतात, दार ढकलतात, की अंगाला हात लावतात? हे एकट्याला बसवून, शांतपणे विचारा. उत्तर तुम्ही सुचवू नका. हात लावण्यासारखं काही निघालं तर ते शाळेत मिटवायचं नसतं. पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) बंधनकारक आहे. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ लक्षात ठेवा.
सुट्टीच्या दिवशीही पोट दुखतं का? झोप, जेवण, खेळणं घरी पूर्वीसारखं आहे का? घरी सगळं ठीक असेल तर महिनाभर वाट पाहायला हरकत नाही. घरीही गप्प झाला, रात्री दचकून उठू लागला, शाळेचं नाव काढलं की रडू लागला, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे आणि शिक्षकही करू शकतात.
त्याला वर्गापुढे उभं करून "स्वतःची ओळख करून दे" म्हणू नका, ही विनंती.

प्रतिसाद ३
मी पालक. आमच्या मुलीला खिचडीच्या रांगेत कुठे उभं राहायचं तेच कळत नव्हतं, म्हणून ती आठवडाभर उपाशी राहिली. आम्हाला वाटलं, खिचडी आवडत नाही. मुलं एवढ्या साध्या गोष्टीला अडलेली असतात आणि सांगत नाहीत.
त्याच्या जुन्या गुरुजींना फोन करून बघा ना. तिथे तो काय करायचा, हे त्यांना माहीत असेल.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. आजपासून पाचवीची सुट्टी आधी सोडायला मुख्याध्यापक तयार झाले. मुलींच्या बाजूच्या दोन कड्या खरंच तुटलेल्या होत्या, उद्या सुतार येतो आहे. मोठ्या मुलांबद्दल मी त्याला एकट्याला विचारलं. दार ढकलतात आणि हसतात, म्हणाला. आणखी काही नाही म्हणतो, पण पुन्हा दोन दिवसांनी विचारणार आहे. त्या मुलांशी उद्या बोलते. शनिवारी आई त्याला आरोग्य केंद्रात नेणार आहे.
गुरुजींना फोन केला. तिकडे शाळेची घंटा रोज हाच वाजवायचा म्हणे, चार वर्षं. आमच्या शिपाईमामांना विचारलं आहे, मधल्या सुट्टीची घंटा त्याच्याकडे देता येईल का. ते म्हणाले, "पाठवा सोमवारी."