अनुभव धागा : घरात राबणाऱ्या हातच्या वस्तू

सूप, कणगी, घोंगडी, इरलं, दावं, केरसुणी... यातलं तुमच्याकडे काय अजून वापरात आहे? कशाचं, कोणत्या हंगामात आणि कसं बनलं, तेही लिहा. नुसत्या फोटोवरून उद्या कुणाला ती वस्तू करता येणार नाही.

माण, सातारा
आमची मेंढरं आहेत. लोकर पिंजून सूत घरातच काढायचं आणि घोंगडी सणगराकडून विणून घ्यायची. खरी मेहनत खळीची. चिंचोके भाजून टरफलं काढायची, भिजवून वाटायचे, मग शिजवून चिकट खळ करायची. ती ताण्यावर, म्हणजे विणायच्या उभ्या सुतावर, कुंच्याने चोपडायची आणि उन्हात सुकवायची. सूत ताठ झालं की मगच माग. खळीत कुचराई झाली तर विणताना धागा तुटतो. नवी घोंगडी टोचते हे खरं, पण डोक्यावरून खोळ घेऊन रानात उभं राहिलं की पाऊस बराच वेळ आत येत नाही. नव्या पोरांना ती जड वाटते. मला त्या वजनाशिवाय झोप लागत नाही.

राजापूर
इरलं! बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत पळसाची पानं. लावणीला वाकलं की पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे. आता प्लास्टिकचा कागद पांघरतात, त्यात घामानेच भिजायला होतं.

सांगली
घायपाताची दावी वडील वळायचे. पानं कापून पाण्यात कुजत घालायची. वास असा की ओढ्याकडे कुणी फिरकत नसे. मग बडवून, धुऊन निघालेला पांढरा वाख, म्हणजे पानातले धागे, वाळवायचा. नायलॉनचं दावं टिकतं, पण बैलाची मान सोलवटते. वाखाच्या दाव्याने तसं होत नाही.

भंडारा
आई नवं सूप तसंच वापरत नसे. भिजवलेल्या मेथ्या वाटून कागदाच्या लगद्यात मिसळायची आणि सुपाला आतून बोटांनी लिंपायची. फटी बुजल्या की बारीक दाणाही गळत नाही. आमच्याकडचे बुरूड पावसाळ्यात बांबू तोडत नाहीत. ओल्या, रसाळ बांबूला भुंगा लागतो. वनाबाहेरचा बांबू 2017 मध्ये वन कायद्यातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं सोपं झालं. पण सुपाचा भाव करताना लोक अजून दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालतात. कृपा करून घालू नका. कामट्या सोलताना त्यांची बोटं चिरतात.

राजापूर
भंडारावाले, मेथ्या आणि लगदा किती किती घ्यायचा? आमच्या सुपाला फटी पडल्यात.